जुनी पालिओ १.६ घेऊन पुन्हा उभी करायची असेल तर

भारतात छोट्या बॉडीत मोठं इंजिन बसवलेल्या गाड्या मोजक्याच आल्या. त्यांतली अजूनही आवाक्यात असलेली गाडी म्हणजे फियाट पालिओ १.६. पालिओ २००१ मध्ये बाजारात आली, सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीचा चेहरा होता. गाडी आधी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, नंतर रांजणगावात. जीटीएक्स आणि एस१० या आवृत्त्यांत १५९६ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं, सुमारे १०० अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्या काळात या आकाराच्या दुसऱ्या कुठल्याही गाडीत एवढी ताकद मिळत नव्हती. जड स्टिअरिंग, जाड पत्रा आणि घाटात रस्ता न सोडणारी चाल यांमुळे ही गाडी आजही लोकांना हवीशी वाटते. शहरात ती लिटरला आठ-दहा किलोमीटरच देते. ते मान्य नसेल तर इथेच थांबलेलं बरं.

पहिल्यांदाच अशी गाडी घेणारा सहसा इंजिनाचा आवाज ऐकून पैसे देतो. तिथेच चुकतं. इंजिन उघडता येतं, बदलता येतं, त्याचे पार्ट शोधता येतात. कुजलेला पत्रा आणि अडकलेले कागद मात्र गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडतात. म्हणून तपासणीचा क्रम कागद, पत्रा आणि मग इंजिन असा ठेवा.

आधी कागद

गाडी बघायला जाण्यापूर्वी आरसीचा फोटो मागवा आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. आरसीवरची घनक्षमता सगळ्यात आधी वाचा. १५९६ असेल तर ती १.६. १२४२ असेल तर ती १.२, मग मागे जीटीएक्सचा बिल्ला असो की अलॉय व्हील्स असोत. १.२ ला १.६ चे कपडे घालून विकलेल्या गाड्या बाजारात आहेत. आत खरोखर १.६ इंजिन टाकलं असेल तर प्रकरण आणखी अवघड होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत केलेला बदल आरसीवर नोंदलेला असावा लागतो. नोंद नसेल तर पासिंगला गाडी अडते आणि अपघात झाल्यास विमा कंपनीही हात वर करते.

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. २००२ च्या गाडीची दोन नूतनीकरणं होऊन गेलेली असायला हवीत. ती झालेली नसतील तर विकणाऱ्यालाच करून द्यायला सांगा, किंवा तो खर्च आणि कटकट किमतीतून वजा करा. नूतनीकरणासाठी नमुना २५ लागतो आणि गाडी चालत्या स्थितीत आरटीओत दाखवावी लागते. ब्रेक, लाइट, हॉर्न, पीयूसी सगळं ठीक हवं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारसाठी केंद्राचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं आहे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. बहुतेक पालिओ १.६ आता या वयात आल्या आहेत, तेव्हा ही रक्कम पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. वीस वर्षांपूर्वी कर्ज देणारी वित्तसंस्था आज दुसऱ्या कुठल्या नावात विलीन झालेली असते, आणि ते पत्र मिळवण्यात महिने जातात. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओतून आणायची असेल तर नमुना २८. ई-चलान थकलेलं आहे का तेही बघा.

दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा फास असल्यामुळे तिकडून स्वस्तात गाड्या येतात. कोरड्या हवेमुळे त्यांचा पत्रा अनेकदा मुंबईच्या गाडीपेक्षा चांगला असतो. पण ना-हरकत पत्र अजून देतात का, इथे पुन्हा किती कर भरावा लागेल आणि नवी नोंदणी कधी मिळेल, ही तीन उत्तरं आरटीओकडूनच घ्या, दलालाकडून नकोत. आणि गाडी भंगारासाठी जमा होऊन नोंदणी रद्द झालेली असेल तर ती रस्त्यावर परत येत नाही. अशी गाडी फक्त पार्टसाठी घ्यायची.

शेवटी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः शोधा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. नंबराभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या तर तिथून निघा.

पत्रा: इथे वेळ घालवा

दिवसा उजेडी, कोरड्या आणि न धुतलेल्या गाडीची तपासणी करा. ओला रंग सगळं लपवतो. सोबत टॉर्च, कापडात गुंडाळलेलं चुंबक, बोथट टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर आणि जमिनीवर आडवं व्हायला जुनी चादर घ्या. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० ते ३०० म्हणजे पुन्हा रंगवलेली. ५०० च्या वर गेलं की खाली पुटी (खड्डे भरायचा लेप) आहे, आणि हजाराच्या वर गेलं की पुटीखाली काय आहे ते देव जाणे.

किनारपट्टीवर आणि मुंबईत वाढलेली गाडी या जागी कुजते: दारांखालची सिल, मागच्या चाकाच्या कमानीची आतली कड, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, डिकीच्या दाराची खालची घडी, बॅटरीखालचा ट्रे आणि पुढच्या शॉकअपचे टॉवर. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं काम संपलेलं असतं.

गालिचा उचलायला सांगा. मालक नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. पायाखालचा पत्रा बोथट स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बघा. खणखणीत आवाज हवा, भुसभुशीत लागता कामा नये. सिलला जॅक लावायची जागा चेपून आत गेली असेल तर आतला पत्रा पातळ झाला आहे.

मुंबईची २००५ पूर्वीची गाडी असेल तर २६ जुलैचा विचार करावाच लागतो. त्या दिवशी बुडालेल्या असंख्य गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या. चिपळूण, सांगली, कोल्हापूरच्या गाड्यांबाबत नंतरच्या पुरांची हीच शंका घ्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे लोखंडी कंस, हेडलाइटच्या आतला तळ बघा. वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर असेल तर ती गाडी तुम्हाला वर्षभर एकेक इलेक्ट्रिकल बिघाड देत राहील, कारण पाणी तांब्याच्या तारेत आवरणाखालून पुढे सरकत जातं.

अपघात ओळखायला पुढची आडवी पट्टी, बोनेटचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. बोल्टच्या कडांवरचा रंग पाना लागून उडालेला असेल तर पॅनल काढलेलं आहे. नुसता फेंडर बदललेला असणं मोठी गोष्ट नाही. पण पुढचे लांब चेसिस दांडे सुरकुतलेले असतील, किंवा दोन्ही बाजूंच्या वेल्डिंगच्या ठिपक्यांत फरक दिसत असेल, तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका.

इंजिन: थंडच सुरू करायचं

जाण्याआधी सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशी या.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. आत रंगीत कुलंट हवं. तांबूस गढूळ पाणी म्हणजे वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलं आहे आणि आतले मार्ग गंजले आहेत. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) फुटल्याचा संशय घ्या. फक्त थोडं थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात झाकणापुरती साय येऊ शकते, म्हणून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ही बघा. तिच्यावरही साय असेल तर संशय पक्का.

चावी पहिल्यांदा फिरवल्यावर ऑइलचा आणि इंजिनाचा दिवा लागला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब काढून टाकला आहे. सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा दोन सेकंदांत विझायला हवा. टॅपेटची टकटक पहिला मिनिटभर चालेल. गरम झाल्यावरही राहिली तर ऑइलचा दाब किंवा टॅपेट बघावे लागतील. थंडीत थोडी पांढरी वाफ निघणं साधं आहे. गरम इंजिनातून गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कुलंट जळतंय. उतारावरून गिअरमध्ये येऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील गेले आहेत, आणि ओढताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा.

नंतर १५ मिनिटं जागेवर चालू ठेवून रेडिएटरचा पंखा आपोआप लागतो का ते बघा. पंखा थेट बॅटरीला जोडून स्वतंत्र बटण बसवलेल्या जुन्या गाड्या भरपूर सापडतात. सेन्सर, रेझिस्टर की रिले, नेमकं काय गेलं हे शोधायचा कंटाळा हे त्याचं कारण. बटण लावायला विसरलं की हेड वाकतं, म्हणून अशा गाडीत हेड गॅस्केट आधीच एकदा गेलं असण्याची शक्यता जास्त.

मालक तयार असेल तर कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. चारही प्लग काढा, इंधन पंपाचा फ्यूज काढा, इग्निशनचा जोड सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवा. अशा पेट्रोल इंजिनात चांगला आकडा १६० ते २०० पीएसआयच्या आसपास येतो. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट.

चाव्या किती आहेत हे विचारा. इमोबिलायझर (चिपच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत चावीतली चिप आणि कोडचं कार्ड हवं. एकच चावी आणि कार्ड गायब, अशा स्थितीत ती चावी हरवली तर कंट्रोल युनिट (इंजिनाचा संगणक) बदलण्यापर्यंत पाळी येते.

भाव आणि पैशाचा हिशेब

एकूण जेवढे पैसे घालायची तयारी आहे त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त गाडीवर देऊ नका. उरलेल्यातला अर्धा भाग पत्रा आणि रंगाला जाईल, बाकीचा यांत्रिक कामाला. आणि वर दहा-पंधरा टक्के शिल्लक ठेवा, कारण गालिच्याखाली काहीतरी निघतंच. दोन गाड्यांत निवड असेल तर बंद इंजिनाची पण सुक्या पत्र्याची घ्या. हे नवख्याला पटत नाही, पण हिशेब नेहमी तिकडेच जातो.

पार्टसाठी एक गोष्ट फायद्याची: दारं, काचा, सीट, आतलं प्लास्टिक यांतलं बरंचसं १.२ पालिओतूनही मिळतं. १.६ इंजिनाचे पार्ट सिएना, पेट्रा आणि ॲडव्हेंचरच्या १.६ मधून शोधता येतात, पण इंजिनावरचा क्रमांक, सेन्सरचे जोड आणि कंट्रोल युनिट जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढचे लाइट, बंपर आणि बोनेट वर्षागणिक बदलले. २००७ च्या पालिओ स्टाइलचा चेहरा जुन्या गाडीवर तसाच बसत नाही. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ इथे फेरी मारायला हवी, जुना पार्ट हातात घेऊन. तोंडी वर्णनावर आणलेला पार्ट हमखास चुकतो.

काम कोणत्या क्रमाने करायचं

गाडी घरी आली की रंगवाल्याकडे नेण्याचा मोह होतो. रंग सगळ्यात शेवटी. नव्या रंगावर पाने आणि जॅक आपटले की दुहेरी खर्च होतो.

सुरुवात ब्रेकपासून करा. होज पाइप वाकवून बघा, भेगा असतील तर सगळे बदला. बाहेरून ठीक दिसणारा होज आतून सुजतो आणि ब्रेक सुटत नाही, मग एक चाक तापत राहतं. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, ती कॅलिपरने मोजा. ब्रेक फ्ल्युइड डॉट ४ भरा आणि पूर्ण जुनं काढून टाका. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि डॉट ४ चा उत्कलनबिंदू २३० अंशांवरून १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. खंडाळ्याचा घाट उतरताना पेडल मऊ पडतं ते यामुळेच. दर दोन वर्षांनी बदलायचं.

मग टायमिंग बेल्ट. बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा, मालक काहीही सांगो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. बेल्टसोबत टेन्शनर, पुली आणि पाण्याचा पंप एकदम बदला, कारण तिथपर्यंत पोचायलाच अर्धी मजुरी जाते. या १६ व्हॉल्व्ह इंजिनात कॅमशाफ्ट जागेवर अडकवून ठेवायचं खास साधन लागतं. पांढऱ्या रंगाची खूण करून बेल्ट चढवणारे मेकॅनिक भेटतील. एखादा दात सरकला की गाडी चालते, पण ओढत नाही आणि पेट्रोल पिते. अशा कितीतरी गाड्यांवर नंतर सेन्सरचे खर्च झालेले असतात. साधन आहे का, हे आधी विचारा. पुढे ६०,००० किलोमीटर किंवा ५ वर्षं, यांत जे आधी येईल तेव्हा बदला.

कूलिंगमध्ये थर्मोस्टॅट, सगळे होज, रेडिएटरचं झाकण एकत्र नवं घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी थंड ठेवायची पद्धत जुनी आहे आणि चुकीची आहे: इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

इंधनाची लाइन आजच्या काळात वेगळी बघावी लागते. ही गाडी बनली तेव्हा २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल नव्हतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि तडकतं. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप एसएई जे३० आर९ दर्जाचे घ्या, नवे क्लिप लावा, फिल्टर बदला. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं.

सस्पेन्शनमध्ये लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअपवरची माउंटिंग आणि टाय रॉडचे टोक हे संच म्हणून बदला. एकच बुश नवा टाकला की बाकीचे महिन्याभरात बोलायला लागतात. बुशचे मधले बोल्ट चाकं जमिनीवर असताना, गाडीचं वजन आल्यावरच शेवटचे आवळा. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. टायरवरचा चार आकडी क्रमांक वाचा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी काढून टाका.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही. दोन्ही बाजूंना जॅकस्टँड, मागच्या चाकांना अडसर, जमीन काँक्रीटची.

वेल्डिंग आणि रंग

कुजलेला पत्रा चमकदार धातू दिसेपर्यंत कापून टाकायचा. गंजावर पुटी भरली तर ती एक पावसाळा काढते. पुटी ओलावा शोषते आणि गंज खालून पसरत राहतो. ठिगळासाठी ०.८ ते १ मिलिमीटरचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या, जोडाच्या आतल्या बाजूला वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर लावा. एमआयजी वेल्डिंगने (तारेच्या वेल्डिंगने) दोन-दोन सेंटिमीटरचे टाके जागा बदलत मारा. सलग ओढलं तर पातळ पत्रा तापून लाटांसारखा वाकतो. सुरू करण्याआधी बॅटरी काढा, कंट्रोल युनिटचा जोड सोडा, जवळपासची इंधनाची लाइन बाजूला घ्या, अग्निशामक हाताशी ठेवा.

वेल्डिंगनंतर इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर, आणि सगळं झाल्यावर सिलच्या पोकळीत आतून मेण फवारा. हे मेणाचं काम आपल्याकडे बहुतेक जण करत नाहीत, आणि म्हणूनच चांगली दुरुस्तीही चार-पाच वर्षांत आतून फुटते. पुटी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. रंग ऑक्टोबर ते मे या काळातच. पावसाळी हवेत मारलेला रंग धुरकट पडतो किंवा नंतर फोड धरतो. रंगाची छटा बदलणार असाल तर आरसीवर नोंद करावी लागते. मूळ छटाच ठेवली तर कागद वाचतात आणि गाडीची किंमतही टिकते.

काढलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव, काढण्याआधी फोटो. सहा महिन्यांनी बसवताना स्मरणशक्ती कामाला येत नाही.

पहिले हजार किलोमीटर

गाडी रस्त्यावर आल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. पहिले पाच दिवस रोज सकाळी थंड इंजिनात कुलंटची पातळी बघा, कारण अडकलेली हवा निघून पातळी उतरते. चालू इंजिनावर बॅटरीचं व्होल्टेज १३.८ ते १४.४ असायला हवं. कमी असेल तर अल्टरनेटर काढण्याआधी अर्थची तार स्वच्छ करून बघा, जुन्या फियाटमध्ये दोष बहुतेकदा तिथेच असतो. हायवेवर नेण्याआधी व्हील अलाइनमेंट करा. हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेलं ऑइल पांढऱ्या डब्यात ओतून उन्हात बघा. चांदीसारखी बारीक चमक दिसली तर बेअरिंग झिजत आहेत, आणि इंजिन पूर्ण उघडायची तयारी तेव्हाच ठेवा.